कपाट आवरतेय. १९ वर्षांच्या भाचीला पहिलं काय देऊ?

गच्चीवरची
शनिवार, रात्री १०.१२

आमची सोसायटी अखेर पुनर्विकासाला निघाली. दोन वर्षं मीटिंगा झाल्या, बिल्डर एकदा बदलला, आणि आता महिनाअखेर घर रिकामं करून चाव्या द्यायच्यात. कोथरूडात भाड्याने दोन खोल्या मिळाल्या आहेत. बाबांचं पुस्तकांचं कपाट त्या घराच्या दारातून आत जात नाही. टेप घेऊन मोजून आले. उंचीला चार बोटं जास्त भरतं आणि जिन्यात आडवं वळत नाही.

म्हणजे कपाट जाणार आणि निम्मी पुस्तकंही जाणार. त्यावर रडून झालंय, आता प्रश्न वेगळा आहे.

माझी भाची यंदा बेंगळुरूहून इथे आर्किटेक्चरला आली, माझ्याकडेच राहते. मराठी फर्मास बोलते. वाचते मात्र दुकानाची पाटी वाचावी तशी, अक्षराला अक्षर लावत. परवा खोकी भरताना म्हणाली, "मावशी, हे सगळं द्यायच्या आधी मला यातलं एक काढून ठेव ना. एकच. आणि एक पिक्चर आणि एक गाणं." मी उत्साहाच्या भरात सतरा पुस्तकं काढून तिच्या पलंगावर रचली. ती मैत्रिणीकडे राहायला गेली.

तेव्हा मदत करा. पुण्याचा धागा आहे, तर नियम आलेच:
१. एकाने एकच सुचवायचं.
२. 'वाचलंच पाहिजे', 'मराठी माणूस म्हणून' वगैरे शब्द दिसले तर पुढचं वाचणार नाही.
३. तुम्हाला ते कुणी दिलं आणि कधी, ते लिहा. कथानक नको, ते नेटवर मिळतं.
४. पुलं नकोत. तिच्या वडिलांनी गाडीत बेंगळुरू ते कोल्हापूर ऐकवलेत. पोर अजून दचकते.

पेठेतला
शनिवार, रात्री १०.४०

नियम आवडले. पाचवा मी घालतो: नेलेलं पुस्तक परत आणून द्यावे.

माझ्याकडे १९९१ पासून एक वही आहे. कोणी, काय, कधी नेलं, आणि सही. त्या वहीत बिनसहीची नोंद एकच: 'रणांगण', १९९८. नेणारा इतका जवळचा होता की सही मागायची लाज वाटली. तो आता कुठे असतो ठाऊक नाही, पुस्तक तर नाहीच.

तरी माझी शिफारस तीच. विश्राम बेडेकर, १९३९. महायुद्धाला तोंड फुटलं त्याच वर्षी मराठीत ही गोष्ट छापली गेली होती, हे मला अजून खरं वाटत नाही. युरोपातून परतणारी बोट, तिच्यावर एक मराठी तरुण आणि जर्मनीतून जीव घेऊन निघालेली ज्यू मुलगी, हॅर्टा. अगदी लहान कादंबरी आहे, एका रविवारात होते. वाडा नाही, तुळशीवृंदावन नाही, आजी नाही. बेंगळुरूहून आलेल्या मुलीला परकं वाटेल असं काहीच नाही.

मला कॉलेजच्या ग्रंथपालांनी दिलं होतं. "आज ने, उद्या आण." मी अकरा दिवसांनी नेऊन दिलं. दंड झाला.

फुरसुंगीकर
शनिवार, रात्री ११.०५

नाव बघून ओळखलं असेलच. फास्टर फेणे!

हसू नका. अक्षराला अक्षर लावून वाचणाऱ्या माणसाला कादंबरी देणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला खडकवासल्यात ढकलणं. भा. रा. भागवतांची वाक्यं छोटी, धावती. प्रत्येक पानावर काहीतरी घडतंच. वर बनेश फेणे आमच्या फुरसुंगीहून पुण्यात शिकायला येतो, सायकल हाणतो. ही मुलगीही बाहेरून पुण्यात शिकायलाच आलीय की. त्या वेळचं सायकलींचं पुणे तिला फुकट बघायला मिळेल.

मला शाळेत बक्षीस मिळालं होतं. हस्ताक्षर स्पर्धा, तिसरा. स्पर्धेत तिघेच होते.

अर्धा पुणेकर
रविवार, सकाळी ८.२०

कोसला. दुसरं नाव मनातच येत नाही.

मी जळगावकडचा. २००३ साली पुण्यात होस्टेलवर आलो, पहिले चार महिने रोज घरी पळून जावंसं वाटायचं. सीनियरने रात्री दीडला दार वाजवून पुस्तक हातात दिलं, "हे आपल्याच गाववाल्याचं आहे." कव्हर नव्हतं, सुरुवातीची पानंही नव्हती. त्यामुळे मी कोसला मधूनच वाचायला लागलो आणि लेखकाचं नाव मला आठवड्याने कळलं. खोलीच्या जोडीदाराने दिवा घालवला म्हणून बाहेर व्हरांड्यात बसून वाचलं.

नेमाड्यांनी ते १९६३ सालात आणलं. मी वाचलं तेव्हा चाळीस वर्षं उलटली होती, पण मेसचं जेवण तेच, घरून पैसे येण्याचा आणि संपण्याचा वेग तोच. पांडुरंग सांगवीकर गॅदरिंगच्या भानगडीत पडतो, तर मीही त्या वर्षी गॅदरिंगचा खजिनदार होतो. हिशेब जुळला नाही, त्याचाही नाही, माझाही नाही. आणि मग बहिणीचा भाग येतो. त्याबद्दल लिहिणार नाही. नियम तीन आहे, आणि मला जमणारही नाही.

नदीपलीकडे
रविवार, सकाळी ९.०२

अर्धा पुणेकर, मनापासून लिहिलंत. पण तुम्ही मुलगा होतात.

मी माझ्या लेकीला एकोणिसाव्या वर्षीच कोसला दिलं होतं. चाळीस पानांवर परत आलं. "आई, ह्याला सगळ्याचाच कंटाळा का येतो? ह्याला डबा कोण भरून देतं?" मी निरुत्तर. मला स्वतःला ते पुस्तक आवडतं, पण पहिलं म्हणून नको.

माझं उत्तर स्मृतिचित्रे. आणि वाचायला देऊ नका, वाचून दाखवा. लक्ष्मीबाई टिळकांनी ते बोलल्यासारखंच लिहिलंय, म्हणून डोळ्यांनी वाचलं की अर्धं निसटतं. नवरा कवी, संतापी, लहर लागली की घर सोडून चालू पडणारा. एक दिवस तो ख्रिस्ती झाल्याचं कळतं, साल १८९५. आणि ही बाई हे सगळं इतकं हसत सांगते की हसता हसता आपण कधी गप्प झालो ते लक्षात येत नाही. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याची वर्णनं ऐकून माझी सासू, जी स्वतः कडक सोवळ्यातली, पदर तोंडाला लावून हसायची. तिनेच मला दिलं, १९८६ साली, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. मी शेंगा निवडायच्या, तिने वाचायचं. आमचं दोघींचं पटलं ते त्या उन्हाळ्यात.

मधला काही काळ पटलं नाही, ते वेगळं.

उपनगरी
रविवार, दुपारी १२.१५

बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. पातळ पुस्तक. पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढंच. पण आर्किटेक्चरवाल्या मुलीला एक गोष्ट मुद्दाम सांगा: त्या गावात लोक मिळून तालमीची इमारत बांधतात. वस्ती कशी उभी राहते आणि दुष्काळात कशी उठून जाते, हे इतक्या कमी पानांत कुठल्या प्राध्यापकाला शिकवता येईल असं वाटत नाही.

अडचण एकच. संवाद माणदेशी बोलीत आहेत. बेंगळुरूच्या कानाला जड जातील.

मला कुणी दिलं नाही. अप्पा बळवंत चौकात फुटपाथवर गाइडांच्या ढिगात सापडलं, १० रुपयांना. आत कुणाची तरी वाळलेली पिंपळाची पानं होती, ती अजून आहेत.

पेठेतला
रविवार, दुपारी १२.३१

फुटपाथवर मिळालेल्या प्रत्येक पुस्तकामागे माझ्यासारखा एक मूर्ख उभा असतो, एवढं लक्षात असू द्या.

तंबोरा
रविवार, दुपारी ४.४८

सगळे पुस्तकांवरच तुटून पडलेत. तिने गाणंही मागितलंय.

घरोघरी एक चूक होते. नवीन माणूस 'मला शास्त्रीय ऐकायचंय' म्हणाला की उत्साही काका त्याला तासाभराचा ख्याल लावून देतात. तो बिचारा विलंबितातच झोपतो आणि पुढची वीस वर्षं 'मला त्यातलं कळत नाही' म्हणत राहतो.

प्रभाताई अत्र्यांचा मारू बिहाग लावा, 'जागूं मैं सारी रैना'. एलपीच्या जमान्यातलं मुद्रण, त्यामुळे आटोपशीर. आवाज स्वच्छ, शब्द कळतात, आणि सरगम सुरू झाली की काहीच न कळणारा माणूसही मान वर करतो. बंदिश त्यांची स्वतःची. हे तिला सांगा, कारण या पिढीला 'गाणं कुणाचं' हा प्रश्न पडतो आणि तो बरोबर आहे. बाई पुण्याच्या, फर्ग्युसनमधून विज्ञान शिकल्या, मग कायदा, आणि गाणं सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडे. जानेवारी २०२४ मध्ये गेल्या.

मला कोणी ऐकवलं? आमच्या वरच्या मजल्यावरचे एक बँकेतले गृहस्थ रोज संध्याकाळी सातला तीच एक रेकॉर्ड लावत. मी अभ्यासाला बसलेला असायचो. दहावीला बीजगणितात कमी पडले, पण मारू बिहाग आरोह-अवरोहासकट पाठ झाला. त्या गृहस्थांशी आयुष्यात कधी बोललो नाही.

अवांतर: डिसेंबरात 'सवाई गंधर्व' संगीत महोत्सवाला घेऊन जा तिला. १९५३ साली भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला तेव्हापासून पुणेकर तिथे गाण्याइतकेच खाण्यालाही जातात, त्यामुळे नवख्याला परकेपणा वाटत नाही. खुर्ची नको, भारतीय बैठकीचं तिकीट काढा. कंटाळा आला तर आडवं होता येतं. मीही होतो.

गच्चीवरची
रविवार, रात्री ९.३०

केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. एक भर: कपाटाच्या खालच्या खणात बाबांच्या कॅसेटी निघाल्या. शूबॉक्स भरून. त्यात 'गीतरामायण'च्या सगळ्या, बाबांच्या अक्षरात क्रमांक घातलेल्या. टेप रेकॉर्डर आहे, पण चालू केला तर घरघर होते आणि चाक फिरत नाही. टाकून देऊ का?

रीळ
रविवार, रात्री ९.३४

अजिबात टाकू नका. हात लावू नका. थांबा.

घरघर होते पण चाक फिरत नाही, याचा अर्थ मोटर जिवंत आहे, आतला रबरी बेल्ट गेलाय. जुना बेल्ट वितळून डांबरासारखा चिकट होतो, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढावा लागतो. नवा बेल्ट किरकोळ किमतीत मिळतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जुना टेप सोबत घेऊनच जा, मापाला लागतो. हेडही त्याच स्पिरिटने पुसा. आणि कॅसेट लगेच लावू नका. इतकी वर्षं पडून राहिली की फीत एकमेकींना चिकटते. आधी पेन्सिल घालून हाताने थोडी सैल करा, मग पुढे-मागे एकदा पूर्ण फिरवून घ्या. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ती बाजूला ठेवा, एक बुरशी लागलेली कॅसेट हेड खराब करते आणि मग बाकीच्या सगळ्या कॅसेटींना प्रसाद मिळतो.

माझी शिफारसही तीच, गीतरामायण. पण धार्मिक म्हणून नाही. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी: त्या दिवसापासून वर्षभर दर आठवड्याला एक नवं गाणं, एकूण ५६. गदिमांनी (ग. दि. माडगूळकर) लिहायचं, बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, चाल बांधायची, गायकांनी बसवायचं, आणि पुढचा आठवडा दारात उभाच. आजच्या भाषेत वेब सिरीज, फक्त भाग पुढे ढकलता येत नाही. आपण कॅसेटवर ऐकतो ते सगळं सुधीर फडक्यांच्या आवाजात आहे. मूळ रेडिओवर पात्रागणिक आवाज वेगळे होते, माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे. वर उपनगरींनी बनगरवाडी सुचवलंय, तर जाता जाता, गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेशरावही पुणे आकाशवाणीतच होते. एका घरात किती असावं!

तिला एक काम द्या. बेल्ट तिलाच बदलू दे. स्वतः दुरुस्त केलेल्या यंत्रावर माणूस काहीही ऐकतो.

दुसरा खेळ
सोमवार, सकाळी ११.१०

सिनेमावर कोणीच बोलत नाही म्हणून उडी मारतोय. आता ९० टक्के लोक श्वास किंवा सैराट म्हणतील. दोन्ही चांगलेच. पण ती ते तिच्या मैत्रिणींसोबत बघेलच.

तुम्ही तिला कुंकू दाखवा. १९३७, प्रभात. कृष्णधवल म्हटलं की ही मुलं नाक मुरडतात, म्हणून आधी काही सांगू नका. फक्त लावा. मामाने पैशासाठी म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली मुलगी, आणि ती रडत बसत नाही. नवऱ्याला नवरा मानायचंच नाकारते, घरात राहून, मान ताठ ठेवून. शांता आपटे. तिचे डोळे बघा. केशवराव दातेंचा काकासाहेब खलनायक नाही, हे त्याहून अवघड. आणखी एक गंमत, चित्रपटाला नेहमीसारखं पार्श्वसंगीतच नाही. घड्याळाची टिकटिक, दारं, पावलं, ग्रामोफोन, जे घरात वाजतं तेच ऐकू येतं. हे तिला नंतर सांगा, मग ती परत बघेल.

पडद्यावरची बाई आणि खरी बाई यात फार अंतर नव्हतं. या शांताबाईंनी पुढे कराराच्या भांडणात प्रभातच्याच फाटकाशी उपोषण केलं होतं.

आणि हे सगळं कुठे घडलं? लॉ कॉलेज रोडला. प्रभात कोल्हापूरहून पुण्यात आली, तिने तिथे स्टुडिओ बांधला, १९६० पासून त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पोरगी आर्किटेक्चरची आहे, जाऊन जागा बघू दे.

मी कुंकू बघितला ते वडिलांशी भांडण झालेलं असताना. ते म्हणाले, "चल, सिनेमाला जाऊ, बोलायला नको." राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होता. परत येताना दोघंही बोललो नाही, पण ते न बोलणं वेगळं होतं.

पेठेतला
सोमवार, सकाळी ११.२६

प्रभातच म्हणत असाल तर संत तुकाराम का नको? व्हेनिसला गाजलेला सिनेमा आहे.

दुसरा खेळ
सोमवार, सकाळी ११.४०

माझ्या यादीत पहिला तोच. पण नियम एक आहे आणि तो धागाकर्तीने घातलाय, मी नाही. तरी नियम मोडून: त्यातली तुकोबांची बायको विसरू नका. एका हातात मुलगा आणि एका हातात वहाण घेऊन देवळात शिरते, विठोबाला जाब विचारायला. आणि 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग नव्हे, तो शांताराम आठवल्यांनी त्या सिनेमासाठी लिहिला. भल्याभल्यांनी तो गाथेत शोधला आहे. मीही.

वाचनमात्र
सोमवार, रात्री १२.५०

सहा वर्षं इथे नुसती वाचते. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं उत्तर १९ वर्षांच्या मुलीसाठी बरोबर आहे का, माहीत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा अस्तु.

माझे वडील संस्कृत शिकवायचे. २०१७ पासून विसरायला लागले. आधी चष्मा, मग गल्ली, मग मी. त्या दिवसांत एका मैत्रिणीने सिनेमा पेनड्राइव्हवर आणून दिला आणि म्हणाली, "आत्ता बघू नकोस. बघावासा वाटेल तेव्हा बघ." पेनड्राइव्ह आठ महिने डब्यात पडून होता, मसाल्याच्या.

त्यातही संस्कृतचे निवृत्त प्राध्यापकच आहेत, मोहन आगाशे. ते रस्त्यात हत्ती बघतात आणि त्याच्या मागे निघून जातात. मुलगी शोधत फिरते. हत्ती घेऊन फिरणारी जी बाई आहे, अमृता सुभाष, तिला त्यांच्या आजाराचं नाव माहीत नाही. ती त्यांना मुलासारखं खाऊ घालते, बस्स. मी ते बघताना पहिल्यांदा विचार केला की बाबांना मी रोज सकाळी 'मी कोण सांगा' विचारते ते कशासाठी. त्यांच्यासाठी का माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवसापासून विचारणं बंद केलं. पोळीचा तुकडा हातात द्यायचे. ते म्हणायचे, "तुमचे उपकार आहेत." मी म्हणायचे, "असू द्या."

बाबा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. पेनड्राइव्ह त्या मैत्रिणीने परत मागितला नाही. पेठेतले काका, मला कळतंय तुम्ही काय म्हणाल.

पेठेतला
मंगळवार, सकाळी ६.४५

काही म्हणणार नाही. ठेवा.

नदीपलीकडे
मंगळवार, सकाळी ७.३०

वाचनमात्र, लिहीत राहा.

एस्टी स्टँड
बुधवार, दुपारी १.०५

वरचं वाचून काय लिहावं कळत नव्हतं, म्हणून एक दिवस थांबलो.

ती मुलगी इंग्रजी सफाईने वाचते ना? मग उलट्या वाटेने न्या. अरुण कोलटकरांचं जेजुरी इंग्रजीतच आहे, १९७६ सालचं. एकाच दिवसाच्या यात्रेवरच्या छोट्या छोट्या कविता, एस्टीपासून सुरुवात. ते बॅगेत टाकायचं आणि रविवारी सकाळी खऱ्या जेजुरीची बस पकडायची, पुण्यापासून ५० किलोमीटरच्या आसपास. पायऱ्यांवर बसून वाचायचं. भंडारा पुस्तकाला लागतो, तो निघत नाही, निघू नये. एकदा हा माणूस आवडला की त्याच्या मराठी कविता ती आपणहून मागेल. तिथे तो वेगळाच भेटतो.

मला हे पुस्तक दिलं एका कन्नड मित्राने. मराठी माणसाला जेजुरी कन्नड माणसाने दाखवावी, हे जरा लागलं होतं.

अर्धा पुणेकर
बुधवार, दुपारी १.२२

एस्टी स्टँड, पुस्तक इंग्रजी, शिफारस मराठीच्या धाग्यावर. बरं आहे!

(हलके घ्या. पुढच्या रविवारी मीच जाणार आहे.)

गच्चीवरची
पुढचा रविवार, रात्री ८.१५

धागा वर काढतेय. काय काय झालं ते सांगते.

टेप आधी. तपकीर गल्लीत तिसऱ्या दुकानात बेल्ट मिळाला. भाचीने उघडला, जुना बेल्ट खरंच डांबर झाला होता, तिच्या बोटांना दोन दिवस काळं होतं. रीळ, तुम्ही म्हणालात तसं पेन्सिलने फिरवलं. पहिली कॅसेट लावली तर गाण्याआधी दहा सेकंद बाबांचा आवाज. "चालू झालं का ग? लाल दिवा लागलाय?" मग आईचं "हो, बोला की." मग गाणं. बाबांनी कुणाकडून तरी भरून घेतली होती, आणि सुरुवात चुकून मुद्रित झालेली. आम्ही दोघी ते दहा सेकंद किती वेळा ऐकले सांगत नाही. गीतरामायण अजून पुढे गेलेलं नाही.

मारू बिहाग तिने ड्रॉइंग शीट करताना लावला. पहिल्या दिवशी म्हणाली, छान आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मावशी, ती मधे सा रे ग म म्हणते ना, तिथे माझी पेन्सिल थांबते." तंबोरा, तुम्हाला कळवायचं होतं.

पुस्तकं. फास्टर फेणे तिने एका बैठकीत अर्धं वाचलं, मग मला विचारलं की फुरसुंगीला कोणती बस जाते. कोसला तिने स्वतःहून उचललं, पाच पानं वाचून ठेवलं, पण खोक्यात भरू दिलं नाही. "नंतर" म्हणाली. अर्धा पुणेकर, एवढ्यावर समाधान माना. बनगरवाडीतले संवाद तिने मला मोठ्याने वाचायला लावले आणि मलाच जमले नाहीत.

चाललं ते स्मृतिचित्रे. रात्रीची जेवणं झाली की मी वाचते, ती खोक्यांना टेप लावते. परवा एका ठिकाणी मी हसून पुढे वाचूच शकेना, तर तिने पुस्तक ओढून घेतलं आणि स्वतः वाचायला लागली. अडखळत. मी काही बोलले नाही. दीड पान वाचलं तिने.

कुंकू बघितला. संपल्यावर तिने लॉ कॉलेज रोडची वारी ठरवलीय. अस्तु मी एकटीने बघितला, तिला अजून दाखवला नाही. वाचनमात्र, थोडं थांबते, तुमच्या मैत्रिणीसारखं.

आता कपाट. काल ती मोजायची टेप घेऊन कपाटाच्या खाली आडवी झाली आणि दहा मिनिटांनी ओरडली. ज्याला आम्ही इतकी वर्षं कपाटाचा भाग समजत होतो, ती खालची बैठक वेगळी आहे. चार स्क्रूंवर बसवलेली. बरोबर चार बोटं. काढली की कपाट दारातून जातं. सुताराने ५० वर्षांपूर्वी विचार केला होता, आम्ही कुणी वाकून बघितलं नव्हतं.

निम्मी पुस्तकं आता कुठेही जात नाहीत.

राहिलं रणांगण. बाबांच्या कपाटात नाही. पेठेतले काका, तुमच्याकडे दुसरी प्रत आहे का? वहीत सही करेल ती.

पेठेतला
रविवार, रात्री ८.२१

दोन आहेत. १९९८ नंतर मी कोणतीही एक प्रत ठेवत नाही. सकाळी दहा ते बारा, दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. सही, तारीख, आणि परत आणण्याची तारीख तिने स्वतः लिहायची.

गच्चीवरची
मंगळवार, संध्याकाळी ७.००

जाऊन आली. सही केलीय. चहा मिळाला म्हणे, बिस्किटंही. वहीतल्या ४०० च्या वर नोंदी तिने वाचल्या आणि येऊन मला विचारलं, "मावशी, १९९८ च्या ओळीसमोर रिकामी जागा का ठेवलीय त्यांनी?"

अर्धा पुणेकर
मंगळवार, संध्याकाळी ७.१८

काका, एक विचारायचं राहिलं. माझ्याकडे रणांगणची जुनी प्रत आहे, फुटपाथवरून घेतलेली. पहिल्या पानावर जांभळ्या शाईत नाव होतं, खोडलंय, वाचता येत नाही. तुमची तर नव्हे?

पेठेतला
मंगळवार, संध्याकाळी ७.२०

मी जांभळी शाई वापरत नाही.